तात्कालिक कारण

हळद शिजायला लागली की आमच्याकडे तिचा वास आधी येतो आणि धूर मागून दिसतो. ओली माती, कापसाची जळणारी पऱ्हाटी आणि एक कडवट, औषधी वाफ. एकदा घरात शिरला की तो वास उशीच्या अभ्र्यापर्यंत जाऊन बसतो. परवा हिंगोलीहून माहेरी आले, तर हट्ट्याच्या फाट्यावर उतरल्या-उतरल्या त्याने मला गाठलंच. आता कढया राहिल्या नाहीत. ट्रॅक्टरमागे जोडलेला बॉयलर शेतात येतो, पिंपांत वाफ सोडतो, दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत उरकतो आणि शेजारच्या वावरात निघून जातो. कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही, कोणाला कोणाशी बोलावंही लागत नाही. सगळे म्हणतात, बरं झालं. मीही म्हणते.

ओसरीवर भाचा पाठांतराला बसला होता. यंदा दहावीला आहे. मांडी हलवत, डोळे मिटून त्याचं चाललं होतं, "पहिल्या महायुद्धाची कारणे. साम्राज्यवाद. शस्त्रास्त्रस्पर्धा. गुप्त करार. आक्रमक राष्ट्रवाद." मग एक डोळा उघडून त्याने मला विचारलं, "आत्या, हे तात्कालिक कारण लिहायलाच पायजे का? एका मार्काचं तं असते."

"लिही," मी म्हटलं आणि उगाचच पाणी प्यायला आत गेले.

आत टीव्ही चालू होता. इराकमधल्या कुठल्याशा बाजारात स्फोट झाला होता, आणि विखुरलेल्या चपला, उलटलेली गाडी, डोक्यावरची ओढणी सावरत धावणारी बाई असं तेच तेच पुन्हा दाखवत होते. ती लढाई सुरू झाली तेव्हा मी दहावीला होते आणि भाचा तिसरीत. तो शिकत शिकत दहावीला आला; लढाई आहे तिथेच आहे. मला आशावादी माणसांची थोडी भीती वाटते, ती तेव्हापासून. "होईल सगळं नीट" असं कोणी म्हटलं, की मी आधी त्याच्या पायाखाली पाहते, पऱ्हाट्या रचलेल्या आहेत का ते.

आमचं गाव कालव्याच्या अलीकडे आणि बंजाऱ्यांचा तांडा पलीकडे. मधे सिद्धेश्वर धरणाचं पाणी वाहतं आणि त्याच्यावर एक अरुंद पूल. माझ्या जन्माच्या आधी गुरांच्या चराईवरून दोघांत जबर मारामारी झाली होती. डोकी फुटली, गंजी पेटल्या, मग वसमतच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. तारखांनी दोन्हीकडची माणसं थकली. तह म्हणजे तरी काय असतो, तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी दम लागलेला असतो. तेव्हा आमच्या भगवानराव पाटलांचे वडील आणि तांड्याचे थावरा नायक मारुतीच्या पारावर बसले. दोघांनी बेलभंडारा उचलला. नायक म्हणाले म्हणे, "सपत मानूस इसरतो. कायतरी जड वस्तू पायजे." मग गाव आणि तांडा यांनी मिळून हळद शिजवायची एक मोठी लोखंडी कढई घेतली. चार कड्यांची, चार माणसांनी बांबू घालून उचलायची.

तिचे नियम आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. एक वर्ष गाव आधी शिजवणार, पुढच्या वर्षी तांडा आधी. एकाचं झालं की चुलाणातला विस्तव विझवायचा नाही, तो तसाच दुसऱ्याच्या हवाली करायचा. आणि कढई कोणा एकट्याने तिसऱ्याला द्यायची नाही. शेवटच्या नियमाचं आम्हाला लहानपणी हसू यायचं. एवढं लोखंड न्यायला येणार तरी कोण?

सुनीता ही थावरा नायकांची नात. तांड्यातल्या पोरी आमच्या गावच्या शाळेत येऊ लागल्या त्या या कढईच्या नंतर, कारण शाळेची वाट आमच्या गल्लीतून जात होती आणि त्याआधी ती वाट त्यांची नव्हती. सुनी पहिलीपासून माझ्या शेजारी बसली. मी चिडकी, ती शांत. मी पाठ करायची, तिला समजायचं. तांड्यातली एकही मुलगी तोवर दहावी पास झालेली नव्हती. नायकांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं की पास झाली तर सुनी वसमतला कॉलेजात जाईल आणि नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न. ती हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नसायची. "बराबर हाय ना," म्हणायची, "आज्यानं सौदा तं सरळ केला."

आम्ही अभ्यासाला पुलाजवळच्या चुलाणापाशी बसायचो. त्या वर्षी आधी शिजवायची पाळी तांड्याची होती, म्हणून त्यांनी पऱ्हाट्यांचा ढीग आधीच आणून रचला होता. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, कालव्याच्या पाण्याचा गारवा, पाठीला पऱ्हाट्या टोचायच्या. इतिहासात मला देशांचा गुंता व्हायचा. कोण कोणाच्या बाजूने का गेलं, हे डोक्यात बसेना. शेवटी सुनीने पुस्तक मिटलं.

"ऐक. सर्बिया म्हंजे रशियाचं भाचं. ऑस्ट्रिया नि जर्मनी व्याही-व्याही. ऑस्ट्रियानं भाच्याला हात लावला की मामा उठनार का न्हाई?"

"उठनार."

"मामा उठला की व्याही उठनार. मंग रशिया नि फ्रान्स साडू-साडू. साडू घरात बसंल का?"

"नि बेल्जियम?"

"त्ये बिचारं वाटंतलं वावर. जर्मनीला फ्रान्सकडं जायचं, तं ह्याच्या पिकातून गेला. नि इंग्लंडनं बेल्जियमला सबूद देल्ला व्हता, की तुझ्या वावरात कोनी पाय टाकला तं मी हाय."

"नि अमेरिका गं?"

"ती पंगत उठायच्या टायमाला जेवाया येती."

इतिहासाचे काळे सर त्या दिवशी पुलावरून सायकलने चालले होते. त्यांनी हे ऐकलं आणि पाय टेकून खूप हसले. "पेपरात सोयरीक लिहू नका," ते म्हणाले, "पण डोक्यात अशीच ठेवा." सर चांगलं शिकवायचे, पण त्यांच्या शिकवण्यात कुठे आशेचा उजेड नसायचा. ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली तो दिवस ते अगदी रंगवून सांगत. सुनीने वर्गात उभं राहून विचारलं होतं, "सर, एका मानसापायी येवढे मेले?" सर म्हणाले, "एका माणसापायी नाही. ते तात्कालिक कारण. पऱ्हाट्या आधीच रचलेल्या होत्या. काडी कोणी टाकली, एवढंच विचारतात, आणि त्याला एक मार्क देतात."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मला पुस्तकात कधी सापडली नाही. पहिलं युद्ध थांबलं तेव्हा हरलेल्या जर्मनांनी आगगाडीच्या एका डब्यात बसून सही केली. जिंकलेल्यांनी तो डबा कौतुकाने जपून ठेवला. वीस-एक वर्षांनी पारडं फिरलं, तेव्हा जर्मनांनी तोच डबा त्याच जागेवर ओढून आणायला लावला आणि फ्रान्सची सही त्याच्यात घेतली. वस्तू तीच होती. तिच्यात एकाने शांतता पाहिली आणि दुसरा इतकी वर्षं नुसता अपमान पाहत बसला.

आम्ही सहावीत असताना शेजारच्या देशात आपली बस गेली होती. मिठ्या, हार, दोन्हीकडचे पुढारी हसताहेत. शाळेत आम्हाला कबुतराचं चित्र काढायला लावलं. माझं कबुतर कोंबडीसारखं झालं होतं. त्याच उन्हाळ्यात डोंगरावर लढाई सुरू झाली आणि आम्ही आमच्याच गल्लीतून घोषणा देत फेरी काढली. कबुतरं भिंतीवर तशीच होती. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा उंदरांनी त्यांची खळ खाल्ली होती.

दहावीच्या त्या वर्षी अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा रेडिओ पारावर असायचा. अमेरिका इराकवर जाणार की नाही, यावर रोज संध्याकाळी आमच्याकडे चर्चा झडे, जणू काही आमच्याच मताची वाट पाहत ते थांबले होते.

"काहून करून राहिले हे लडाई?" कोणीतरी विचारायचं.

"तेलासाठी."

"न्हाई, त्याच्याकडं बम हायेत म्हनं."

"सापडले का?"

"सापडले नसले तरी हायेत म्हनं."

अप्पा म्हणायचे, "मागल्या बारीला हे लढले नि हितं रॉकेल मिळंना झालतं. यंदा दिव्याला तेल भरून ठिवा." जगातल्या कुठल्याही लढाईचा अर्थ आमच्यापर्यंत येईस्तोवर रॉकेल होऊन यायचा. लांबच्या लढाईत माणसं मरतात, हे कळत नव्हतं असं नाही. पण ते कळणं पारावरून उठलं की धोतराच्या धुळीबरोबर झटकलं जाई.

याच दिवसांत भगवानरावांच्या लेकीचा सासरा आला. त्याचं गाव तांड्याच्या पलीकडच्या अंगाला. त्याच्या कढईला भोक पडलं होतं, हळद काढून ढीग लागला होता. तो म्हणाला, दोन दिवसांसाठी तुमची द्या. भगवानराव माणूस वाईट नव्हता, आणि आमच्याकडचे बरेच घोटाळे असल्याच माणसांनी केले आहेत. अप्पा त्यांना म्हणाले, "पाटील, पाळी तांड्याची हाय. नायकाला इचारा तरी."

"व्याह्याच्या म्होरं कसं म्हनू, की थांबा, तांड्याला इचारून येतो?" भगवानराव म्हणाले. "आज न्हाई म्हनलं तं उद्या लेकीला तिथं ऐकून घ्यावं लागन."

व्याह्यांचा ट्रॅक्टर कढई घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी थावरा नायक पारावर आले. उंच, वाकलेले, डोक्याला लाल पागोटं. आवाज चढवला नाही.

"पाटील, कढई कुठं हाय?"

"येईन दोन दिवसांत."

"आमची हळद काढलेली हाय. ती थांबन का दोन दिवस?"

"सोयऱ्याची अडचन होती, नायक."

"मला इचारलं असतं तं मीच म्हनलो असतो, घेऊन जा." नायकांनी पाराच्या दगडावर हात ठेवला. "तुमी इचारलं न्हाई."

मला अजून वाटतं, तिथेच सगळं संपलं होतं. त्यानंतर जे झालं ते फक्त व्हायचं राहिलं होतं. दोन दिवसांचे चार झाले, चाराचे आठ झाले, कारण कढई आलीच आहे तर व्याह्यांच्या भावांनीही आपली हळद शिजवून घेतली. तांड्यातली तरणी पोरं गाडी जुंपून कढई मागायला गेली, तर त्यांना शिव्या मिळाल्या आणि एकाला चापट. तांड्यातल्या बाया घरच्या हंड्यांत, पातेल्यांत थोडी थोडी हळद शिजवत होत्या. उरलेल्या ढिगावर ऊन बसत होतं. आमच्या गावातल्या काहींनी, ज्यांचा कशाशी संबंध नव्हता, पुलावर बसून तांड्याच्या माणसांना टोचून बोलायला सुरुवात केली. युद्ध कोणालाच नको असतं, असं म्हणतात. खोटं आहे. ज्याची हळद शिजून झाली आहे, त्याला ते चालतं.

परीक्षा तोंडावर आली होती. अप्पा आणि काळे सर मधे पडले. पुलावर दोन्हीकडची मोठी माणसं जमली आणि ठरलं की परीक्षा होईस्तोवर कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. तोवर व्याही कढई आणून पुलावर ठेवतील. पुन्हा बेलभंडारा आणला गेला. मी लांबून पाहत होते. भगवानरावांनी चटकन उचलला, जेवणानंतरची सुपारी उचलावी तसा. नायकांनी उचलला तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

मग पेपर सुरू झाले. केंद्र हट्ट्याला. गावची आणि तांड्याची पोरं एकाच काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून जायची. कोणाचा पाय कोणाच्या मांडीवर आहे ते कळायचं नाही. सुनीचा नंबर माझ्या पुढचा होता, त्यामुळे तिची वेणी सतत माझ्या डोळ्यांपुढे. मराठी झालं, गणित झालं, विज्ञान झालं. तिला सगळे सोपे गेले. गणित सुटल्यावर ती आवारातल्या हापशाला तोंड लावून पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंदे, मी पास होनार." मोठ्याने बोलली की मोडेल, अशा बेताने म्हणाली.

इराकवर हल्ला सुरू झाला तो त्याच दिवसांत. जीपवाल्याने गाणी बंद करून बातम्या लावल्या. सुनी बराच वेळ कान देऊन ऐकत होती. "ह्यात कोन कोनाचा कोन हाय?" तिने विचारलं. तिने बोटांवर काही जुळवून पाहिलं आणि सोडून दिलं. "हितं सोयरीक लागंना," ती म्हणाली. "हितं नुसताच मोठा हाय नि बारका हाय."

इतिहासाचा पेपर उद्यावर असताना व्याह्यांनी शब्द पाळला. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर ते सगळे विसरले. ट्रॅक्टरवरून कढई आणून त्यांनी पुलावर उतरवली. तांड्यातली माणसं बांबू घेऊन आली. चार कड्यांपैकी एक नव्हती.

"कडी कोनी मोडली?"

"होतीच तशी."

"आमच्या हातात होती तवा चारी बराबर व्हत्या."

"मंग तुमच्याच हातात मोडली आसंन."

ती कडी कधी मोडली हे आजही कोणाला माहीत नाही. काही म्हणतात व्याह्यांच्या अंगणात, काही म्हणतात दोन वर्षांपासून ती खिळखिळीच होती. कोणीतरी कोणाला तरी ढकललं. तिरपी उभी असलेली कढई घसरली, तांड्यातल्या एकाच्या पावलावरून गेली आणि कालव्यात पडली. मी अंगणात पुस्तक घेऊन बसले होते. मला तो आवाज ऐकू आला. मग एकदम माणसांचा कल्ला उठला.

दुपारपर्यंत निरोप गेले. व्याह्यांच्या गावाहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आली. तांड्याच्या पोरी ज्या ज्या तांड्यांत दिल्या होत्या, तिकडचे जावई, मेहुणे, साडू आले. व्याह्यांचे व्याही आले. ज्यांनी ती कढई जन्मात पाहिली नव्हती, असे लोक तिच्यासाठी डोकी फोडत होते. सात गावं गोळा झाली. सुनीने पऱ्हाट्यांना टेकून जे सांगितलं होतं ते सगळं, क्रमाने, काहीही न गाळता, आमच्या डोळ्यांसमोर झालं. भाचा, मामा, व्याही, साडू. वाटेतलं वावरही झालं. तांड्याने वाळत घातलेल्या हळदीवरून ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या चाकांचे पिवळे पट्टे आमच्या गल्लीभर उमटले. पावसाळ्यापर्यंत ते पुसट दिसत होते. नायक मधे उभे राहून हात वर करून "थांबा" म्हणत होते, त्याच हातावर काठी बसली. कोणाची ते कळलं नाही. तांड्यातलीच असेल, असंही म्हणतात.

कोणी मेलं नाही. देव पावला, असं लोक एकमेकांना सांगत राहिले.

दिवेलागणीला अप्पा तांड्यावर गेले. मी हट्टाने बरोबर गेले. पुलावर पोलीस होते, पांदीत वाट अडवायला काटेरी बोराट्या टाकलेल्या. नायक बाजेवर बसले होते, हात फडक्याने गळ्यात बांधलेला. सुनी दाराच्या आत, हातात इतिहासाचं पुस्तक. बोट पानात घातलेलं होतं.

"नायक, सकाळी मी सोता नेतो," अप्पा म्हणाले. "माझी मंदा नि सुनी, दोघी माझ्या गाडीवर."

"तुमच्यावर भरोसा हाय, अप्पा. रस्त्यावर न्हाई."

"पोलीस हायेत ना."

"ते परवा जातीन. आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

"पोरीचं साल जाईन."

"साल जाईन. पोरगी ऱ्हाईन." नायकांनी दुखऱ्या हाताकडे पाहिलं. "अप्पा, भंडारा मी उचलला व्हता. दोन्ही बारीला. आता घरातली पोरगी धाडून मी कोनाकोनाची परीक्षा बघू?"

अप्पा उठले. मला नायकांचा राग आला होता; तो राग मी बरीच वर्षं सांभाळला आणि मग माझ्या हातून तो आपोआप सुटला, कारण त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर दुसरं काय म्हणावं ते मला सुचेना. निघताना सुनीच्या आईने, तिच्या याडीने, मला पाण्याचा तांब्या दिला. सुनी उंबऱ्यापर्यंत आली.

"मंदे," ती हळूच म्हणाली, "बेल्जियम इसरू नको."

पेपर सोपा होता. माझ्या पुढचा बाक रिकामा होता, आणि त्यामुळे फळा एकदम स्वच्छ दिसत होता. पर्यवेक्षकाने त्या बाकावरचा पेपर उचलून नेला तेव्हा मी मान खाली घातली आणि लिहीत राहिले. बेल्जियम विसरले नाही. मला इतिहासात चांगले मार्क पडले.

सुनीचा इतिहास गेला, त्यामागून भूगोलही गेला. काळे सर तांड्यावर जाऊन सांगून आले की ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, दोनच विषय आहेत. पण नायकांचा सौदा सरळ होता, आणि एव्हाना तांड्याला पोरी घरात ठेवायची भीती वाटत होती. जूनच्या आत तिचं लग्न पुसदकडच्या एका तांड्यात झालं. मला जाता आलं नाही. पांदीतल्या बोराट्या तोवर निघाल्या नव्हत्या. तांड्यातल्या पोरींनी पुढे आमच्या शाळेची वाट सोडली. ज्या लेकीला ऐकून घ्यावं लागू नये म्हणून भगवानरावांनी कढई दिली, तिला सासरी ती कढई कायमची ऐकावी लागली. सातही गावांवर केसेस झाल्या, वसमतच्या तारखा पुन्हा सुरू झाल्या. आता दोन्हीकडच्या माणसांना पुन्हा दम लागत आला आहे, असं अप्पा म्हणतात. म्हणजे लवकरच तह होईल. मला त्याचा आनंद होत नाही.

कढई पाणी बंद झाल्यावर वर काढली. कालव्याच्या काठावर ती पालथी पडली आहे, पूर्ण गंजलेली. दोन्हीकडची बकरी तिच्यावर चढून बसतात. गावात कोणालाही विचारा, भांडण कशावरून झालं, तर तो तिच्याकडे बोट दाखवतो. एका मार्काचं उत्तर सगळ्यांना येतं. बाकीचं कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी लिहायला जागा पुरणार नाही.

गेल्या साली आईला घेऊन नरसीला गेले होते. दर्शन झालं, बाहेर रस्त्याकडेच्या दुकानात आई बांगड्या बघत बसली. मागून हाक आली, "मंदे." या नावाने मला आता कोणी हाक मारत नाही. वळून पाहिलं तर सुनी. ऊसतोडीहून परतताना त्यांची गाडी तिथे थांबली होती. उन्हाने रापलेली, कडेवर एक लेकरू, एक पदराला धरून. आम्ही हसलो. मग उभ्या उभ्याच सगळं विचारून झालं. नवरा बरा आहे. नायक गेले. याडीला डोळ्यांनी दिसत नाही. माझी नोकरी, माझं हिंगोलीचं घर. तिने लेकराच्या हातात बत्तासा दिला. तिकडून गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

ती निघाली, चार पावलं गेली आणि परत आली.

"इतिहासाला काय आलं व्हतं गं?"

"कधी?"

"त्या दिशी."

मी सांगितलं. पहिल्या महायुद्धाचं तात्कालिक कारण.

सुनीने मान हलवली. कडेवरचं लेकरू घसरत होतं, ते तिने वर ओढून घेतलं.

"येत व्हतं मला," ती म्हणाली.